गिरणीवाल्याचा मुलगा आणि त्याचे आभाळ

मी पेशाने शाळामास्तर. मुलांना इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. चित्रकलेशी माझा संबंध एवढाच, की अफझलखानाचा धडा आला म्हणजे फळ्यावर खडूने प्रतापगड काढायचा. आणि खाली नाव लिहिल्याशिवाय मुलांना तो ओळखू यायचा नाही. अशा माणसाने वयाच्या अडतिसाव्या वर्षी तैलरंगांची पेटी विकत आणावी, हे आमच्या गावात बरेच दिवस थट्टेचा विषय होऊन राहिले होते.

कारण घडले ते असे. वडिलांच्या आजारपणात झालेले कर्ज फेडण्यासाठी आमचे नदीकाठचे रान विकावे लागले. रान फार मोठे नव्हते. एक विहीर, बांधावर एक आंबा, खालच्या अंगाला ऊस आणि वरच्या तुकड्यात भात. पण आईचे सारे आयुष्य त्यात गेले होते. व्यवहार झाल्यावर ती त्या वाटेने जाईनाशी झाली. एके दिवशी माझ्या टेबलावरचे कागद आवरता आवरता ती म्हणाली, “एवढी बुकं लिवतोस. त्यात माझं रान कुठं हाय? कागदावर तरी काढून दे मला.”

मी तेव्हा एका परिचित ड्रॉइंगमास्तरांकडे गेलो. गृहस्थ मनाने उदार. त्यांनी मला जे शिकवले ते अगदी रीतसर शिकवले. आधी कापडावर अस्तर द्यावे. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाने छायाप्रकाश बसवावा. त्यावर हळूहळू जाड रंग चढवावा. पातळावर जाड चालतो, पण जाडावर पातळ चढवला तर पुढे चित्राला भेगा पडतात. जवसाचे तेल जपून वापरावे. तीन महिने मी रोज संध्याकाळी बसलो आणि आईचे रान रंगवले. मे महिन्यातला वळीव जमून आला आहे, रान तापलेले आहे, आंबा गच्च उभा आहे, असा तो देखावा होता. आभाळावर तर मी विशेष मेहनत घेतली होती.

आईने चित्र भिंतीला टेकवून बराच वेळ पाहिले. मग विचारले, “ह्यो वळवाचा ढग हाय व्हय?”

“होय.”

“आरं, वळीव उगवतीकडनं येतोय. तू मावळतीला काढलायस. ह्या ढगातनं पाऊस कसा पडायचा?”

आणि ती चूल पेटवायला आत निघून गेली. मास्तरांनी शिकवलेले काहीच चुकले नव्हते. जी गोष्ट चुकली होती ती त्यांनी शिकवण्याजोगी नव्हती; ती आईला ठाऊक होती आणि तिच्या पोटी जन्मून मला ठाऊक नव्हती.

त्यानंतर मी पेटी माळ्यावर टाकली आणि, इतिहासाच्या मास्तराला शोभेल असेच, चित्रे काढण्याऐवजी चित्रकारांची चरित्रे वाचू लागलो. त्यात मला जॉन कॉन्स्टेबल भेटला. पुढे जे लिहितो आहे ते त्याच्याविषयी. कारण गावचे रान तैलरंगात कसे उतरवावे, हे शिकायला त्या माणसाला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो काय काय शिकला हे मला आईच्या त्या एका प्रश्नामुळे कळले.

कॉन्स्टेबलचा जन्म ११ जून १७७६ चा, इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट या गावचा. बाप गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचा मोठा व्यापारी. स्टाउर नदीवर फ्लॅटफर्ड आणि डेडम येथे त्याच्या पाणचक्क्या होत्या, गावच्या माळावर पवनचक्की होती, आणि दळलेले पीठ घोड्यांनी ओढलेल्या नावांतून नदीने खाली जाई. थोरला भाऊ बुद्धीने अधू असल्यामुळे धंदा जॉननेच सांभाळावा असे ठरल्यासारखे होते. शाळा सुटल्यावर वर्षभर तो पवनचक्कीवर कामाला होता. चक्कीच्या लाकडावर चाकूने कोरलेले त्याचे नाव आणि १७९२ हे साल आजही पाहायला मिळते.

पवनचक्कीवर काम करणे म्हणजे काय, याचा विचार केला पाहिजे. गार डोंगराची हवा खात बसण्यातला तो प्रकार नव्हे. वारा फिरला की चक्कीचे तोंड फिरवावे लागते. वादळ येणार असेल तर पात्यांवरचे कापड वेळेवर उतरवावे लागते; नाही तर पाती मोडतात, प्रसंगी सारी चक्की कोसळते. म्हणून चक्कीवाल्याची नजर सदैव आभाळावर. कोणता ढग नुसता जाणारा आणि कोणता पाठीमागे वारा घेऊन येणारा, हे त्याला भाकरीसाठी ओळखावे लागते. पुढे धंदा सांभाळणारा धाकटा भाऊ एब्रम म्हणत असे, की जॉनने काढलेली चक्की पाहिली की ती फिरणार याची मला खात्री वाटते; इतर चित्रकारांच्या चक्क्यांविषयी तशी वाटत नाही. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून क्षणभर बसून राहिलो. एब्रमने चक्कीविषयी जे म्हटले, तेच माझ्या आईने ढगाविषयी विचारले होते.

त्याचा पहिला गुरू म्हणजे शेजारी राहणारा जॉन डनथॉर्न. धंद्याने हा नळकाम आणि काचकाम करणारा कारागीर; चित्रे काढणे हा त्याचा नाद. हे दोघे रानात घोडी मांडून चित्र रंगवीत. सावली सरकली की त्या दिवसापुरते काम थांबे आणि दुसऱ्या दिवशी त्याच घटकेला पुन्हा सुरू होई. पण याच सुमारास तरुण कॉन्स्टेबलची गाठ सर जॉर्ज बोमंट या रसिक श्रीमंताशी पडली. बोमंटजवळ क्लोद लोरँ या सतराव्या शतकातल्या थोर चित्रकाराचे एक लहानसे चित्र होते. ते त्याला इतके प्रिय, की प्रवासातही तो ते बरोबर बाळगी. सोनेरी तपकिरी प्रकाश, एका बाजूला झाड, दूरवर निळसर डोंगर, सारे कसे बेताचे आणि शांत. निसर्गचित्र म्हणजे हे, असा त्या काळचा दंडक होता. १७९९ मध्ये कॉन्स्टेबल लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला, तेथेही जुन्या उस्तादांच्या नकला करणे हाच शिक्षणाचा मोठा भाग होता.

त्याने नकला केल्या आणि मनापासून केल्या. क्लोदविषयीचा त्याचा आदर अखेरपर्यंत उणावला नाही. पण १८०२ च्या मे महिन्यात त्याने डनथॉर्नला एक पत्र लिहिले. दोन वर्षे आपण चित्रांच्या मागे धावलो आणि सत्य दुसऱ्याच्या हातून घेत राहिलो, आता बर्गहोल्टला परतून थेट निसर्गापुढे बसायचे, असा त्याचा आशय आहे. त्याच वर्षी एका लष्करी विद्यालयातली चित्रकला-शिक्षकाची नोकरी त्याला मिळण्यासारखी होती. ती त्याने नाकारली. नोकरीतल्या मास्तराला हे वाचताना थोडे चुटपुटल्यासारखे होते. पण ते असो.

येथून पुढे तो जे शिकला ते तीन गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट हिरव्या रंगाची. बोमंटने एकदा त्याला सुचवले, की चित्राचा एकूण रंग जुन्या फिडलसारखा तपकिरी असावा. कॉन्स्टेबलने काही वाद घातला नाही. घरासमोरच्या हिरवळीवर त्याने एक फिडल नेऊन ठेवले. त्या हिरवळीवर ते तपकिरी लाकूड किती परके दिसते हे सांगायला मग शब्दांची गरज उरली नाही. पण तपकिरी नको म्हणून नळीतला हिरवा फासला, की झाले असेही नव्हे. ती चूक माझी. मी एकच हिरवा रंग घेतला, उजेडात पांढरा मिसळला, सावलीत काळा, आणि माझा ऊस पत्र्याचा दिसू लागला. कॉन्स्टेबलच्या कुरणात पिवळट, निळसर, करडे, तांबूस असे अनेक हिरवे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. ते कुंचल्याने घोटून एकजीव केलेले नसतात. पाहणाराच डोळ्यांत ते एकत्र करतो. फ्रेंच चित्रकार दलाक्रवा याने पुढे आपल्या रोजनिशीत या हिरव्यांची मुद्दाम नोंद केली आहे. शिवाय त्या हिरव्यात कोठे तरी लाल रंगाचा लहानसा ठिपका असतो, घोड्याच्या सरंजामावरचा किंवा एखाद्या माणसाच्या अंगावरचा. तेवढ्या ठिपक्याने सारी हिरवळ ओली होते.

आणि ही सारी खटपट केव्हाची? पत्र्याच्या नळीतला रंग १८४१ मध्ये निघाला. तोवर कॉन्स्टेबल वारून चार वर्षे झाली होती. त्याच्या काळी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत, टाचणीने भोक पाडून हवा तेवढा पिळून घेत. असले सामान घेऊन तो रानात बसे. पेटीच्या झाकणात मावतील एवढे लहान कागद आणि पुठ्ठे. त्यावर आधीच दिलेले तांबूस किंवा तपकिरी अस्तर. त्या अस्तराला जागोजाग उघडे सोडून तो भराभर रंग मांडी. मातीचा रंग वेगळा द्यावाच लागत नसे; ती खाली होतीच.

दुसरी गोष्ट आभाळाची. १८१६ मध्ये त्याने मराया बिकनेल हिच्याशी लग्न केले. तिचे आजोबा ईस्ट बर्गहोल्टचे धर्मोपदेशक. त्यांचा या चित्रकार जावयाला कडवा विरोध. सात वर्षे दोघांना थांबावे लागले. मरायाला क्षयाने गाठले होते, म्हणून १८१९ पासून हे कुटुंब लंडनजवळच्या हॅम्पस्टेड टेकडीवर मोकळ्या हवेसाठी जाऊन राहू लागले. तेथे १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत त्याने नुसती आभाळे रंगवली. कागदावर तैलरंग, एका बैठकीत, रंग ओला असतानाच. १८२२ मधल्या कित्येक अभ्यासांत तर खाली जमीनही नाही, झाडाचा शेंडाही नाही. आणि मागच्या बाजूला त्याने लिहून ठेवले आहे: तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, मागाहून पाऊस आला की नाही. ल्यूक हॉवर्ड या इंग्रजाने १८०३ मध्ये ढगांच्या जाती पाडून त्यांना नावे दिली होती. कॉन्स्टेबलजवळही थॉमस फॉर्स्टर याचे हवामानावरचे पुस्तक होते आणि त्याच्या समासात त्याने स्वतःच्या टीपा केल्या होत्या.

कोणी म्हणेल, हे तर वेधशाळेतल्या कारकुनाचे काम झाले. यात भावना कोठे आली? पण १८२१ च्या ऑक्टोबरात आपला मित्र जॉन फिशर याला लिहिलेल्या पत्रात कॉन्स्टेबल सांगतो, की निसर्गचित्रात भावनेचे मुख्य स्थान आभाळ हेच होय. चित्र रंगवणे आणि अंतःकरणात काही वाटणे हे त्याच्या लेखी दोन निराळे व्यवहार नव्हतेच. आणि आपल्याला चित्रकार केले ते स्टाउरच्या काठांनी, असेही तो त्याच पत्रात म्हणतो. मला आधी वाटत होते, की भावना व्यक्त करायची म्हणजे हात मोकळा सोडायचा, रंगाचे फटकारे ओढायचे. कॉन्स्टेबलचे म्हणणे उलट आहे. वारा कोठून येतो हे नक्की ठाऊक असल्यावरच हात मोकळा सुटतो. ज्याला ते ठाऊक नाही त्याचा फटकारा केवळ आव असतो.

तिसरी गोष्ट कारागिरीची. रानात केलेल्या त्या हातभर तुकड्यांतला ताजेपणा सहा फुटी चित्रात न्यायचा कसा? मोठे चित्र म्हणजे महिनोन् महिने खोलीत बसून करण्याचे काम. तोवर रानातला वारा पडून जातो. यावर त्याने एक महागडा उपाय काढला. अंतिम चित्राएवढ्याच आकाराचा दुसरा कॅनव्हास घेऊन त्यावर आधी सारे चित्र रांगडेपणाने रंगवून काढायचे. कुंचला, रंगाची सुरी, जे हाती येईल त्याने. चुका तेथे करायच्या. मग दुसऱ्या कॅनव्हासला हात घालायचा. ‘द हे वेन’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र असेच १८२१ मध्ये तयार झाले. फ्लॅटफर्डजवळ नदीच्या उथळ पाण्यातून एक रिकामी गाडी चालली आहे, डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचे घर आहे, पलीकडच्या कुरणात गवत कापणे चालू आहे. चित्र लंडनमध्ये रंगत होते, पण गाडीची नेमकी बांधणी त्याला हवी होती. तेव्हा गावाहून डनथॉर्नच्या मुलाने थंडीत कुडकुडत खऱ्या गाडीचे रेखाटन करून पाठवले. आधीच्या मोठ्या कच्च्या चित्रात पाण्याच्या काठाला एक घोडेस्वार होता. तो शेवटी कॉन्स्टेबलने काढून टाकला.

लंडनच्या प्रदर्शनात या चित्राला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे ॲरोस्मिथ नावाच्या व्यापाऱ्याने ते पॅरिसला नेले. १८२४ च्या सालोनमध्ये त्याला राजा दहाव्या चार्ल्सचे सुवर्णपदक मिळाले, आणि ते पाहून दलाक्रवाने आपल्या ‘कायॉसची कत्तल’ या चित्राला पुन्हा हात घातला. कॉन्स्टेबल मात्र पदक घ्यायला गेला नाही. त्याने जन्मात इंग्लंडची भूमी सोडली नाही. गावच्या नदीचे चार मैल त्याला पुरले. आज ‘द हे वेन’ लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि बोमंट प्रवासात जवळ बाळगी ते क्लोदचे लहानसे चित्रही त्याच इमारतीत आहे.

इतिहासाचा मास्तर म्हणून एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्या वर्षांत ही शांत कुरणे रंगत होती, त्याच वर्षांत त्या भागातला शेतमजूर उपाशी होता. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर धान्याचे भाव कोसळले, मजुरी घटली, आणि १८१६ व १८२२ मध्ये पूर्व इंग्लंडात मजुरांचे दंगे झाले. कॉन्स्टेबलच्या चित्रात त्यांतले काही नाही. तेथे मजूर आहे, पण दूरवर, बोटाएवढा. तो मालकाचा मुलगा होता आणि मालकाच्या मुलाला दिसेल तेवढेच त्याने पाहिले. माझी आई दुसऱ्यांच्या रानातही भांगलायला जात असे. तिने ‘द हे वेन’ पाहिले असते, तर गाडी आणि ढग तिला पसंत पडले असते. पण त्या गवत कापणाऱ्यांना दुपारी काय खायला मिळाले, हे तिने नक्की विचारले असते.

आता अखेरची हकीकत. १८१४ च्या उन्हाळ्यात, लग्न अजून दूर असताना, कॉन्स्टेबल टेम्सच्या मुखाजवळ हॅडली येथे गेला होता. तेथल्या पडक्या किल्ल्याचे त्याने खिशातल्या वहीत पेन्सिलीने एक लहानसे रेखाटन केले आणि मरायाला पत्रात कळवले, की समुद्रकाठचे उदास भव्यपण आपल्याला नेहमीच भावते. वही मिटली. पुढे संसार झाला, सात मुले झाली. २३ नोव्हेंबर १८२८ रोजी मराया गेली. तीन महिन्यांत, फेब्रुवारी १८२९ मध्ये, अकॅडमीने त्याला पूर्ण सभासद करून घेतले, तेही एका मताच्या आधिक्याने. जिला सांगावे ती उरली नव्हती.

त्या वर्षी त्याने ती जुनी वही काढली आणि हॅडलीचा किल्ला रंगवला. दोन भग्न बुरूज, खाली एक मेंढपाळ आणि कुत्रा, दूरवर समुद्र, पक्षी, आणि ढगांतून तिरपे उतरणारे किरण. नावात त्याने वेळही घातली: वादळी रात्रीनंतरची सकाळ. रंग कोठे सुरीने थापला आहे, कोठे खरवडला आहे. पांढऱ्याचे ठिपके सर्वत्र उडालेले आहेत. या ठिपक्यांची टीकाकारांनी फार चेष्टा केली. पण आभाळाकडे पाहावे. इतक्या दुःखातही त्याने ढग खोटा काढलेला नाही.

त्या पेन्सिलीच्या रेखाटनाला तैलरंग मिळायला पंधरा वर्षे लागली. १८१४ मध्ये हात तयार नव्हता, आणि जे घालायचे ते दुःखही अजून घडले नव्हते.

आमच्याकडे तैलरंगाची विद्या इंग्रजी अमदानीत आली, मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ चे. आमच्या कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी तेथे शिकून परत येऊन आपल्याच गावचे कोटितीर्थ तळे पुनःपुन्हा रंगवले. कॉन्स्टेबलला नदीचे चार मैल पुरले, त्यांना एक तळे पुरले. मलाही आता चित्रांचे विषय शोधत हिंडावे असे वाटत नाही.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचे सामान आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, माझे ते चित्र निघाले. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. मावळतीच्या ढगासकट तिने ते जपून ठेवले होते.

मी माळ्यावरची पेटी खाली काढली आहे. बऱ्याच नळ्या वाळून गेल्या होत्या; त्या नव्या आणल्या. गेल्या दोन मेमध्ये, शाळेला सुट्टी असताना, रोज दुपारी चारच्या सुमारास मी घराच्या गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसलो. वीतभर पुठ्ठ्यांवर नुसता वळीव रंगवला. एकूण एकतीस झाले. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ आणि वारा लिहिला आहे, आणि पाऊस पडला की नाही तेही. त्यांतले पाच-सहा आईने मान्य केले असते असे वाटते.

रान अजून काढलेले नाही. नव्या मालकाला विचारून एकदा बांधावर बसायचे आहे. विहीर आणि आंबा जागेवर आहेत, असे ऐकतो.